हात मागे

आमच्यात एक रिवाज आहे. प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे धरून उभं राहायचं. वर्गातला सगळ्यात नवा विद्यार्थी शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसतो आणि शिकवणाऱ्याने खपून बांधलेला प्रोग्रॅम मनाला येईल तसा पाडतो. प्रोग्रॅमने आपलं आपण उठायचं. तेवढ्यात शिकवणाऱ्याचं बोट कीबोर्डला लागलं, तर तो शिकवणारा राहिला नाही. त्याने निमूटपणे मागच्या रांगेत जाऊन बसायचं आणि वर्षभर विद्यार्थी म्हणून राहायचं.

हे मी माझ्या जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेत ही शिक्षा होती. तुम्ही हौसेने जाता होय?"

हौसेनेच जायचे. सात वर्षं गेले. आमची ही भाषा म्हणजे कॉम्प्युटरची, पण जगात तिला विचारतं कोण? शे-दीडशे डोकी आहोत आम्ही सगळी मिळून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी हजार लोक बोलत असतात, तसल्या कामाची ही भाषा. तिच्यात एक भलामोठा प्रोग्रॅम नसतो. हजारो चिमुकले कामगार असतात. प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाच्या दारात टपालपेटी. एकाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, त्याची भांडी हलवायची नाहीत. काय हवं ते चिठ्ठी टाकून मागायचं. आणि एखादा कोसळलाच, तर रडारड नाही. प्रत्येक टोळीवर एक मुकादम असतो, तो पडलेल्याच्या जागी तसाच नवा उभा करतो. इतर भाषांची माणसं काही पडू नये म्हणून जिवाचं रान करतात. पडल्यावर उचलायचं कोणी, एवढंच आम्ही ठरवून ठेवतो.

वर्षातून एकदा आम्ही जमतो. आधी दोन दिवस प्रशिक्षण, मग दोन दिवस भाषणं. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर नाव नसतं, टोपणनाव असतं. मी मुंगी. पहिल्या वर्षी मेल-यादीवर मी एका ओळीचे प्रश्न एकामागोमाग एक पाठवत असे, रांगेने, म्हणून. टोपणनावाच्या खाली छापलेलं असतं, 'मला विचारा –' आणि पुढे रिकामी ओळ. ज्याला जे येतं ते त्याने तिथे पेनाने लिहायचं. मी दर वर्षी लिहायचे, 'अडकलेल्या कामगारांबद्दल'.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला पलंगाला खिळवलं होतं, पोट पाचव्या महिन्यातच खाली आलं होतं म्हणून. संमेलन मी फोनवर पाहिलं, आडवी पडून. मग बटण झाली. नाक तिचं शर्टाच्या बटणासारखं, चपटं आणि गोल, म्हणून बटण. आता ती आठ महिन्यांची आहे.

खोटं कशाला बोलू, ती मांडीवर असताना मला जगात काही कमी नसतं. पण दुपारी तिचे डोळे मिटले, घर शांत झालं, की मला त्या खोलीची आठवण यायची. वीस मशीन एकत्र तापल्यावर येणारा वास. एक्स्टेन्शन बोर्डावरून होणारी भांडणं. फळ्यावरचं पेन, जे कधीच उमटत नाही आणि कधीच कोणी फेकत नाही. आणि सगळ्यात जास्त आठवायचं ते हे, की कोणीतरी हात वर करून मला काही विचारतंय आणि उत्तराची वाट बघत सगळी खोली गप्प झालीय. घरी मला दिवसभरात तीनच प्रश्न विचारले जायचे. झोपली का? प्यायली का? शी झाली का? तिन्हींची उत्तरं मला येत होती. पण तरीही.

मग एक दिवस मास्तरांचा फोन आला.

मास्तर म्हणजे आमचे पहिले शिकवणारे. सतरा वर्षं प्रशिक्षणाचे दोन्ही दिवस त्यांचेच. आवाज असा, की फोनवर बोलताहेत की शेजारच्या गच्चीवरून, कळत नाही.

"मुंगे, यंदा संमेलन तुझ्याच गावात आहे."

"माहीत आहे, मास्तर."

"दुसरा दिवस तू घे."

मी बटणला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी यंदा शेवटचा. गुडघे म्हणतात आता बस. पहिला दिवस सावकाश घेईल, दुसरा तू. पाडापाडीचा तास तुझा. हात मागे राहिले तर पुढच्या वर्षीपासून प्रशिक्षण तुझं. नाही राहिले, तर सावकाशचं."

सावकाश हा माझ्या बरोबरीचा. चांगला माणूस आहे. एक वाक्य सुरू करतो तेव्हा चहा टाकावा, वाक्य संपतं तेव्हा गाळावा.

"मास्तर, वर्षभर मी एक ओळ लिहिलेली नाही."

"पोहायला विसरतं का कोणी?"

"नाही. पण खांद्यावर मूल घेऊन पोहावं लागतं ना."

ते हसले. "मग शिक की. खांद्यावरचं."

पुढचे दोन महिने मी चोरून काम केलं. चोरून म्हणजे कोणी मना करत होतं असं नाही. नवरा हॉस्पिटलात नर्स आहे, त्याच्या पाळ्या बदलत्या; घरी असला की बटणला कडेवर घेऊन तो स्वतःच म्हणायचा, "जा, लिही." मी जायचे. पाच मिनिटांत बटणला कळायचं की घरातलं एक माणूस दुसऱ्या खोलीत सुखात आहे. मग सुरू. चोरी करायची ती बटणकडूनच.

मी पार्सलं वाटायचं केंद्र बांधायला घेतलं. तीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कामगार. मध्ये एक वाटप्या, आणि बाहेरच्या माणसाशी बोलायला एक खिडकी, तिचाही एक कामगार. पार्सल आलं की वाटप्याने खिडकीतल्या कामगाराला चिठ्ठी टाकून विचारायचं, "कुठे पाठवू?" खिडकीत बसलेल्या माणसाने कीबोर्डवरून सांगायचं, सातव्या टेबलावर, किंवा बाराव्या. उत्तर आलं की पार्सल जाईल. वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक टेबल असणार होतं आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर तीस चौकोन, वरच्या बाजूला वाटप्या, खिडकी आणि मुकादम. चालू तो हिरवा, पडला तो लाल.

आमच्याकडे पद्धत अशी, की प्रश्न टाकला की उत्तराची पाच सेकंद वाट बघायची. पाच सेकंदांत आलं नाही तर वाट बघणाऱ्याने सरळ कोसळायचं. मुकादम नवा उभा करेल, नवा पुन्हा विचारेल. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामुळे कोणी कोणासाठी अडून राहत नाही.

घरी चाचणी घेताना खिडकीत मीच असायचे. वाटप्या विचारायचा, "कुठे पाठवू?" आणि त्याच क्षणी आतून बटण. मी उठायचे. पाच सेकंदांत कोणती आई परत आली आहे? लंगोट बदलून, पाजून, खांद्यावर थोपटून, ढेकर काढून मी येईपर्यंत वाटप्या कितीदा तरी पडून उठलेला असायचा आणि मी कुठे होते तेच मला सापडायचं नाही. एका दुपारी मी वैतागले. पाच सेकंदांच्या जागी लिहिलं, 'कायम'. म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब, कितीही वेळ. शेजारी टीप लिहिली, 'नंतर काढायचं'.

त्यानंतर सुख झालं. मी अर्ध्या तासाने येवो की जेवून येवो, वाटप्या जिथल्या तिथे असायचा. पडद्यावर तोच प्रश्न. माझीच वाट बघत. अशी वाट बघणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं, जे रडतही नव्हतं.

'नंतर' हा शब्द मी त्या वर्षी इतका वापरला, की तो झिजला. नंतर जेवते. नंतर केस धुते. नंतर काढते.

मी सगळ्यांना पाडून बघितलं होतं बरं का. तीसच्या तीस टेबलांना, वाटप्याला, मुकादमालासुद्धा. फक्त खिडकीला पाडलं नाही. खिडकीत मी होते, मला पाडायचं कशाला, असं काहीतरी डोक्यात असावं. खरं तर डोक्यात काही असायला तेव्हा डोकं होतं कुठे?

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पाळी बदलून मिळाली नाही. मग बाबा आले, म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. बटणला झोपवायची त्यांची रीत वेगळी. गाणं येत नाही, म्हणून ते थांबे म्हणतात. आपल्या जुन्या मार्गाचे, डेपोपासून शेवटपर्यंत, एका लयीत, मांडी हलवत. "पाण्याची टाकी… पाण्याची टाकी उतरा… शाळा नंबर चार… पुढे सरका, मधे उभं राहू नका… दवाखाना… कोर्ट…" सहसा कोर्ट यायच्या आत बटण झोपते.

वर्गाच्या शेजारी खुर्च्या ठेवायची खोली होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, गुंडाळलेला गालिचा, एक खिडकी. तिथे मी गादी घातली, बाटल्या मांडल्या. मधली भिंत लाकडी फळ्यांची. बाबांनी बोटाने टकटक केलं.

"ही भिंत नाही, हा पडदा आहे."

"बाबा, रडली तर—"

"तर मी आहे."

"बाटली घेतली नाही तर चमच्याने—"

"अगं, तुला वाढवली ती काय टपालाने?"

दुपारच्या सुट्टीत मी तिला पाजलं. ती माझ्या बिल्ल्याशी खेळत होती. त्यावर 'मुंगी' होतं आणि 'मला विचारा –' च्या पुढे काहीच नव्हतं. सकाळी पेन हातात घेतलं, टेकवलं, परत ठेवलं. वर्षभर मी काय शिकले ते तिथे लिहायचं म्हटलं तर शी आणि ढेकर.

"बिल्ला कोरा का गं?" बाबांनी विचारलं.

"नंतर लिहीन."

"बरं. दुपारची गाडी किती वाजता सुटणार तुमची?"

"चारला. पाचला संपेल."

"मग पाचपर्यंत आम्ही थांबे करतो. काय हो बटणबाई, सुट्टे आहेत का?"

वर्ग छान चालला. खरंच छान चालला. सकाळी पहिला प्रश्न आला तेव्हा माझ्या तोंडातून उत्तर असं बाहेर पडलं, जणू ते वर्षभर दाराशी चपला घालून उभं होतं. माझा आवाज मला ओळखू आला. मी कोणाशीही बोबडं बोलत नव्हते. मास्तर मागच्या भिंतीला टेकून बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. सावकाश त्यांच्या शेजारी. जेवणाच्या आधी त्याने मला अंगठा दाखवला. तो अंगठा वर जायलाही वेळ लागला.

चार वाजले. सगळ्यात नवी विद्यार्थिनी कोण म्हणून विचारलं, तर पहिल्या रांगेतल्या बाई उठल्या. साठीच्या पुढच्या, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीला लटकवलेला. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्यावर शिकायला आलेल्या. सगळे त्यांना एक्स्चेंजबाई म्हणू लागले होते.

"मी सगळ्यात म्हातारी आहे हो," त्या म्हणाल्या.

"पण आलात काल," मास्तर मागून म्हणाले. "म्हणजे नव्या. बसा."

त्या माझ्या खुर्चीत बसल्या. मी बाजूला झाले आणि हात मागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. वर्ग हसला, टाळ्या वाजल्या, मग शांत झाला.

"खरंच पाडू?" त्यांनी विचारलं.

"राग काढा," मी म्हणाले.

काढला की. पहिल्यांदा जपून, एकच टेबल. लाल झालं, डोळ्याची पापणी लवायच्या आत हिरवं. त्यांनी "अय्या" म्हटलं. मग तीन एकदम. मग दहा. वर्ग ओरडायला लागला, "मुकादम! मुकादमाला पाडा!" मुकादम पडला, त्याच्या वरच्या मुकादमाने त्याला उभं केलं, त्याने आपली पोरं उभी केली. पडदा लाल-हिरवा चमकत होता, खिडकीत बसवलेला विद्यार्थी आकडे सांगत होता आणि पार्सलं चालली होती. दोन महिन्यांतली एकेक चोरलेली दुपार तिथे सगळ्यांसमोर आपल्या पायावर उभी राहत होती.

तेव्हाच भिंतीपलीकडून बटणचा आवाज आला. रडणं नव्हे, रडण्याच्या आधीचं ते कुरकुरणं. पाठोपाठ बाबांचं सुरू झालं. "पाण्याची टाकी… टाकी उतरा…"

"आता ही खिडकी राहिली," एक्स्चेंजबाई म्हणाल्या. "हिला पाडते हं."

आणि पाडली. खिडकी लाल झाली, लगेच हिरवी झाली. सगळं हिरवं. तीसही चौकोन, वाटप्या, मुकादम, सगळं हिरवंगार. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या, कारण काहीच हलत नव्हतं. पार्सलं जागच्या जागी. पडद्यावर चित्र काढून ठेवावं तशी.

मला त्याच क्षणी कळलं. कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीत, शेजारी काय टीप आहे ते सुद्धा. वाटप्याने विचारलं होतं, "कुठे पाठवू?" ती चिठ्ठी जिच्या पेटीत होती, ती खिडकी पडली. मुकादमाने नवी उभी केली, पण नव्या खिडकीची पेटी रिकामी. तिला कोणी काही विचारलंय, हेच तिला माहीत नाही. आणि वाटप्या थांबला आहे. कायम. तो पडलेला नाही, म्हणून मुकादम त्याच्याकडे बघतही नाही. आमच्या सगळ्या व्यवस्थेत पडणाऱ्याची काळजी आहे. नुसतं वाट बघत उभं राहणाऱ्याची नाही.

"काय झालं?" कोणीतरी विचारलं. "मेलाय का?"

"मेला असता तर लाल दिसला असता," दुसरा म्हणाला.

एक्स्चेंजबाई पडद्याजवळ डोकं नेऊन बघत होत्या. "आमच्याकडे असं व्हायचं," त्या हळूच म्हणाल्या. "होल्डवर ठेवलेला माणूस. ज्या मुलीने ठेवला तिची पाळी संपून ती घरी गेलेली असायची."

त्या उत्तराच्या अगदी जवळ आल्या होत्या. आणखी दोन मिनिटं, फार तर पाच, आणि त्यांनी शोधून काढलं असतं. मी फक्त म्हणायचं होतं, वाटप्या कोणाची वाट बघतोय ते बघा.

पण पलीकडे बटणने आता गळा काढला होता. "शाळा नंबर चार… पुढे सरका…" बाबांचा आवाज चढला, तसा तिचाही चढला. मग "दवाखाना." मग "कोर्ट." कोर्ट आलं आणि ती झोपली नव्हती. बाबा शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, क्षणभर थांबले, आणि उलटीकडून परत निघाले. परतीची फेरी मी आजवर कधी ऐकलीच नव्हती. "कोर्ट… दवाखाना… शाळा…" तिचा श्वास तुटायला लागला. ते मला फळीतून ऐकू येत होतं, मधली ती पोकळी, जिच्यात ती रडतही नाही. माझा कुर्ता दुधाने ओला झाला. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी मनगट आणखी घट्ट धरलं.

त्या रडण्याला माझ्या हाताने काहीतरी करायचं होतं. त्याला तिकडे जाता येईना, म्हणून तो इकडे गेला.

एक्स्चेंजबाईंच्या खांद्यावरून मी वाकले आणि एक ओळ टाइप केली. वाटप्याच्या नावाने चिठ्ठी, सातव्या टेबलावर. दहा सेकंदही लागले नसतील. वाटप्या जागा झाला, पार्सलं सुटली, पडदा हलायला लागला.

टाळी एकही वाजली नाही. पलीकडे बाबा म्हणत होते, "डेपो. डेपो. सगळ्यांनी उतरून घ्या."

मी कोणाकडे न बघता बाहेर गेले.

बटण माझ्या अंगावर अशी तुटून पडली, की जणू मी आठवडाभर गावाला गेले होते. बाबा बाजूला उभे राहून कपाळ पुसत होते.

"बाटली घेईना, चमचा घेईना. दोन फेऱ्या केल्या," ते म्हणाले. "दात असेल. हात लावून बघ, खालच्या बाजूला कडक लागतंय." मग माझ्याकडे बघून, "काय गं? गाडी बंद पडली का तुझी?"

मी मान हलवली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. मी ओढणी सावरली. मास्तर आत आले, एक खुर्ची ढिगाऱ्यावरून काढली, गुडघे जपत बसले. बटण पिऊन पिऊन पेंगली होती.

"सापडली ती ओळ," ते म्हणाले. "बाईंनीच शोधली. टीपही वाचली सगळ्यांनी. 'नंतर काढायचं'." ते हसले नाहीत.

"माझी चूक आहे, मास्तर."

"ती चूक चालते. शिकवायला चांगली आहे ती, मी पुढे वापरेन म्हणणार होतो. पण आता मी कुठला वापरतो." त्यांनी गुडघा चोळला. "हात कुठे निघाला होता तुझा?"

मी भिंतीकडे पाहिलं.

"मग गेली का नाहीस?"

"कुठे?"

"इकडे. हिच्याकडे."

"वर्ग चालू होता. पाडापाडीचा तास. सोडून कशी—"

"मुंगे, नियम काय आहे? कीबोर्डला हात लावायचा नाही. खोलीत थांबायचं असं कोणी सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की मला जास्तच लागलं. "अगं, मी दर वर्षी त्या तासाला हात मागे धरून दोन मिनिटं उभा राहायचो आणि चहा प्यायला जायचो. समोर उभा राहिलो तर हात शिवशिवतात. तू सात वर्षं बघितलंस ना मला?"

बघितलं होतं. मला वाटायचं मास्तरांना चहाची तलफ फार.

बाबा पाठ फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. हसत होते की काय, कोण जाणे.

"सावकाशला सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं. तो म्हणाला, 'मुंगीला… वाईट… वाटेल.' अजून बोलतोच आहे." मास्तर उठले. बटणच्या नाकाला एक बोट लावलं, बेल दाबतात तसं. "मागच्या रांगेत जागा ठेवलीय तुझी. दाराजवळची."

ती जागा मी घेतली. रिवाज तो रिवाज. पुढचे दोन दिवस भाषणांना मी मागच्या रांगेत बसले, दाराशी. बटण कधी माझ्याकडे, कधी बाबांकडे. दुसऱ्या दिवशी सावकाशला व्यासपीठावर बोलावून मास्तरांनी त्याच्या हातात ते न उमटणारं पेन दिलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पण उभी राहिले. बटण कडेवर होती, म्हणून एकाच हाताने मांडीवर वाजवली. बटणला टाळ्या नव्याच कळल्या होत्या. ती माझ्या वाटच्याही वाजवत होती. इतक्या दुरून व्यासपीठ लहान दिसत होतं. सात वर्षांत मी कधी इतक्या मागे बसले नव्हते.

मधल्या सुट्टीत एक्स्चेंजबाई चहाचा कप घेऊन शेजारी आल्या.

"तुमच्या बिल्ल्यावर काहीच नाही. मग विचारायचं काय तुम्हाला?"

"काही विचारू नका. मी यंदा विद्यार्थी."

"बरं, मग मी सांगते." त्या बसल्या. "त्या होल्डवरच्या माणसांचं काय करायचो माहीत आहे? पाळीवर आलं की आधी सगळे दिवे बघायचे. जो स्थिर दिसेल, त्याला उचलून म्हणायचं, 'मी आले हं.' अर्धे तर ठेवूनच गेलेले असायचे. पण एखादा असायचा तिथेच." त्यांनी बटणचा पाय धरून हलवला. "तो चिडायचासुद्धा नाही. हुश्श करायचा."

संमेलन संपलं, बाबा आपल्या घरी गेले, नवऱ्याच्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आठवडाभर मी ती फाइल उघडली नाही. मग एका दुपारी बटण झोपली, खालच्या हिरडीत खरंच एक पांढरा दाणा घेऊन, आणि मी टेबलाशी बसले.

'कायम' खोडलं. पाच सेकंद लिहिलं. 'नंतर काढायचं' तेही काढलं. मुकादमाला सांगितलं, कितीही वेळा पडला तरी उचल, कंटाळू नकोस. प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर आलं, "कुठे पाठवू?"

आणि आतून बटण.

मी बोटं उचलली. या वेळी घाई केली नाही. तिच्याकडे गेले, लंगोट बदलला, पाजलं, हिरडीवर बोट फिरवलं, तिने ते चावलं. बाबांचे थांबे मला सगळे पाठ नाहीत, तरी टाकीपासून दवाखान्यापर्यंत म्हणून पाहिले. ती झोपेना, म्हणून खांद्यावर घेऊन परत आले.

वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर ओळींची रांग लागली होती, मुंग्यांसारखी. विचारलं, उत्तर नाही, पडला. उठला, विचारलं, उत्तर नाही, पडला. मी मोजत बसले नाही. शेवटी आकडा होताच. दोनशे चाळीस. मी आत असताना इथे दोनशे चाळीस वेळा कोणीतरी मला हाक मारली होती, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

बटणने पडद्याकडे हात केला. तिचा श्वास माझ्या मानेवर होता, दुधाचा, गरम. मला त्याच वेळी ती खोली हवी होती, तापलेल्या मशीनच्या वासाची, हात वर केलेल्या माणसांची. आणि हा श्वास मानेवरून जराही हलायला नको होता. पुढचं संमेलन अकरा महिन्यांवर होतं. तोवर ही चालायला लागलेली असेल.

दोनशे एक्केचाळिसाव्यांदा ओळ आली.

"कुठे पाठवू?"

"मी आले हं," मी म्हणाले, आणि एका हाताने सातचा आकडा शोधू लागले.